वीर्यदान करायचंय? आधी एवढं बघ

मित्रा, विचार चांगला आहे, लाजू नकोस. फक्त नोंदणीकृत एआरटी बँकेतच जा (एआरटी म्हणजे मूल होण्यासाठीचं सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान; ही बँक दात्यांचं वीर्य तपासून साठवते). २०२१ च्या एआरटी कायद्यानुसार दात्याचं वय २१ ते ५५ लागतं. कुणी परस्पर मेसेज करून 'दाता हवाय' म्हणालं तर सरळ नाही म्हण. तिथे धड तपासणी नसते आणि तुला कायद्याचं संरक्षणही नसतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नमुन्याआधी २ ते ७ दिवस स्खलन टाळायचं. काही जण 'जास्त थांबलं तर जास्त चांगलं' म्हणून पंधरवडा काढतात. त्याने शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते.
- नमुना थेट दिलेल्या डबीतच घे. तेल, साबण, थुंकी काही नको. सुरुवातीचा भाग सांडला तर लपवू नकोस, सांग. सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात.
- घरात सिकल सेल, थॅलेसेमिया असे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील तर खरं सांग. ते कुणाच्या तरी बाळाच्या आयुष्याचं आहे.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आठवडाभर गुटखा-सिगारेट सोडून काही होत नाही, आत्ताच सोड. आणि नाकारलं तर मनाला लावून घेऊ नकोस. गोठवून वितळवल्यावरही टिकतील असे शुक्राणू लागतात, म्हणून निकष कडक असतात. बाप होण्याशी त्याचा संबंध नाही.

संमतीपत्र घरी आणून वाच. होणाऱ्या मुलावर तुझा कसलाही हक्क राहणार नाही. लग्न झालं असेल तर सहीआधी बायकोशी बोल.