एलएलबीचं दुसरं वर्ष सोडून एमबीबीएसला जाता येईल का?

येईल, पण आधी बारावीची मार्कशीट काढून बघ. तू इंदूरला बीए एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस एवढंच लिहिलंयस. बारावीला बायोलॉजी होतं का, ते नाही. नसेल तरी दार बंद नाही. २०२३ पासून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी पास केलेलं ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी चालतं. फिजिक्स-केमिस्ट्रीही नसेल, म्हणजे आर्ट्‌स-कॉमर्स असेल, तर मात्र काम फार वाढतं.

वयाची काळजी नको, कमाल वयोमर्यादा आता काढलीय. कायद्याच्या दोन वर्षांची सूट मात्र कुठेच मिळत नाही. साडेचार वर्षं आणि वर
वर्षभर इंटर्नशिप, सगळं पहिल्यापासून. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे, तिथे पाठांतराची सवय कामी येईल. वकिलीवाल्यांची खरी दमछाक फिजिक्सला होते, असं माझं मत.

इंदूरचं एमजीएम मेडिकल कॉलेज घरापासून जवळ म्हणून तेवढंच धरून बसू नकोस. मध्य प्रदेशचं डोमिसाइल असेल तर ग्वाल्हेरचं गजरा राजा मेडिकल कॉलेजही राज्य कोट्यातच येतं. आणि हो, निकाल हातात येईपर्यंत लॉचं अ‍ॅडमिशन रद्द करू नकोस. आई-बाबांना मात्र आजच सांग.