दहावीतल्या मुलीच्या मैत्रिणी तोडाव्यात का?

तुमची मुलगी दहावीत आहे, रात्री उशिरापर्यंत मैत्रिणींशी अभ्यासाबद्दलच चॅटिंग करते आणि तरी कायम थकलेली, चिडलेली असते. अशा वेळी मैत्रिणी तोडाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. त्या काय बोलतात, ते बदलायला हवं.

"माझं काहीच झालं नाही गं." "माझंही नाही, भूमिती तर उघडलीच नाही." असं तासभर चाललं की दोघींना बरं वाटतं, पण प्रमेय होतं तिथंच राहतं. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली हेच मांडलं: तीच चिंता मिळून उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट असते, पण त्यांच्यात उदासी आणि काळजीही जास्त दिसते. म्हणून तुम्हाला जवळीक आणि थकवा एकत्र दिसतोय.

तिघींचा गट करायला सांगा. पाच जणी झाल्या की गप्पाच होतात. ४० मिनिटं गुपचूप अभ्यास, मग १० मिनिटं एकीने समजावायचं. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय एकीने पुस्तक मिटून लिहायचं, दुसरीने प्रत्येक पायरीला "हे कशावरून?" विचारायचं. सरांना विचारायला लाज वाटते, मैत्रिणीला नाही; गटाचा खरा फायदा हाच. मात्र शिकवणारी रोज तीच असेल तर ती दमते, म्हणून विषय वाटून घ्या. सराव परीक्षेनंतर एकूण मार्क विचारायचे नाहीत, कुठल्या प्रश्नात गेले एवढंच बोलायचं.

बोर्डात बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० मार्कांचे वेगळे पेपर असतात. बीजगणिताचा पेपर सुटल्यावर गेटवर उत्तरं जुळवत बसलं, की एका चुकलेल्या गणितापायी भूमितीची उजळणी बुडते. तिथून सरळ घरी.

रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पण "दहानंतर मी नाही, सकाळी बघते" हे ग्रुपवर तिनेच लिहू दे. तुम्ही फोन हिसकावलात तर मागे काय बोलणं झालं असेल या विचाराने ती जागीच राहील.

झोपूनही शीण जात नाही, "शिकून काय उपयोग" असं ती सारखं म्हणते, "मला जमतच नाही" हे पालुपद सुरू आहे, असं दोन आठवडे चाललं तर शाळेच्या समुपदेशकांना भेटा. जगणंच नकोसं झाल्यासारखं बोलली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे आणि रात्रीही फोन उचलते.