जॉकीने चाबूक थांबवला म्हणून घोडा 'रोखला' असं होत नाही

तुमचे प्रश्न तीन आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सवर फेव्हरिटवर, म्हणजे जिंकेल असं बहुतेकांना वाटणाऱ्या घोड्यावर, पैसे लावले, शेवटच्या शंभर मीटरला जॉकीने चाबूक थांबवला, घोडा तिसरा आला आणि परतीच्या गाडीत मित्र म्हणाले, "सेटिंग." हे खरं असेल का? चाबूक मारणं मुळात क्रूर नाही का? आणि नाशिकमधला बिनपरवाना बुकी रेस क्लबपेक्षा चांगला भाव, म्हणजे जिंकल्यावर जास्त पैसे, देतो, तर त्याच्याकडे का लावू नये?

नाशकात रेसकोर्स नाही. आपल्याकडचा शौकीन पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठून लोकलने महालक्ष्मीला जाणार, नाहीतर पावसाळ्यात पुण्याचा सीझन धरणार. बाकीच्या रेसेस पडद्यावर. पडद्यावर कॅमेरा जवळ येतो तो शेवटच्या दोन फर्लाँगांना (सुमारे ४०० मीटर), आणि तिथे सगळ्यात ठळक दिसतो तो वर गेलेला हात. म्हणून रेस त्या हाताने जिंकली किंवा हरली असं वाटायला लागतं.

प्रत्यक्षात तोपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं. १२०० मीटरच्या रेसमध्ये बहुतेक घोडे शेवटच्या २०० मीटरला मंदावतच असतात. मागून सुसाट आलेला दिसतो तो घोडा पुष्कळदा वेग वाढवत नसतो, इतरांपेक्षा कमी मंदावत असतो, एवढंच. ऑस्ट्रेलियात डेव्हिड इव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर २०० मीटरचा वेग आणि चाबकाचे फटके ताडून पाहिले. घोडे सर्वांत वेगात होते ते शेवट ६०० ते ४०० मीटरवर असताना, आणि त्या टप्प्यात चाबूक चाललाच नव्हता. चाबूक निघाला तो पुढे, घोडे थकल्यावर. अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकू नका. पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १२६ रेसेसची तुलना झाली. तिथे शिकाऊ जॉकींच्या काही रेसेस फक्त हात आणि टाचा वापरून धाववतात, फटका मारायला बंदी असते. त्या रेसेस आणि नेहमीच्या रेसेस यांच्यात ना वेळेत लक्षणीय फरक सापडला, ना घोडे आडवेतिडवे जाण्यात. 'चाबूक नसेल तर घोडा सरळ कसा ठेवायचा' हा जॉकींचा जुना युक्तिवाद आहे, आणि त्याला हे आकडे फारशी साथ देत नाहीत.

आता तुमच्या जॉकीकडे या. फटके थांबवायला साधी कारणं पुष्कळ असतात. काही घोडे फटका बसला की विरुद्ध बाजूला सरकतात; शेजारच्याच्या वाटेत गेले तर ऑब्जेक्शन येतं आणि मिळालेला नंबरही जातो. कधी घोड्यात काही उरलेलं नसतं, हे लगाम धरणाऱ्या हातांना आपल्याआधी कळतं. दमलेल्या, रेसमधून बाद झालेल्या घोड्याला मारत राहणं हा ब्रिटनसारख्या ठिकाणी स्वतंत्र गुन्हाच धरतात.

घोडा मुद्दाम रोखायचा असेल तर शेवटच्या शंभर मीटरची वाट कोण बघेल? ते काम आधीच होतं: गेटमधून उशिरा निघणं, घोड्यांच्या गर्दीत कोंडून घेणं, बाहेरून लांबचा फेरा मारणं, वळणावर लगाम आवळून ठेवणं. ज्याला जिंकायचंच नाही तो जॉकी शेवटी चाबूक जोरात फिरवून दाखवील, कारण स्टँडमधल्यांना तेच बघायचं असतं. तुमच्या रेसचा व्हिडिओ मिळाला तर शेवट ८०० मीटर राहिल्यापासून बघा, आणि नजर जॉकीच्या लगामावरच्या हातांवर ठेवा. स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, हेही वेगवेगळ्या कोनांतून तेच बघतात. घोडा त्याच्या पूर्ण ताकदीनिशी पळवला गेला की नाही, ही त्यांची चौकशी असते. आणि फेव्हरिट हरणं ही बातमी नव्हे. जगभरात साधारण तीन फेव्हरिटांपैकी एकच जिंकतो.

क्रूरतेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घोड्याला लागतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कातडीच्या तपासणीत वेदना जाणवणारी मज्जातंतूंची टोकं घोड्याच्या कातडीतही माणसाइतकीच आढळली. हल्लीचे चाबूक फोमचे, गादी लावलेले असतात, आवाज जास्त आणि इजा कमी, हे मान्य. पण आवाजच पुरेसा असेल तर मोजून फटके कशाला?

नॉर्वेने १९८२ मध्येच चाबकावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट रेसमध्ये सहा फटक्यांची मर्यादा आहे, आणि दहा झाले की घोडा अपात्र. फ्रान्सने त्याच वर्षी मर्यादा चारवर आणली. माझ्या लेखी यातली महत्त्वाची गोष्ट आहे ती अपात्रता. नुसता दंड किंवा काही दिवसांची बंदी असेल तर मोठ्या रेसमध्ये जॉकी हिशेब करतो: जास्तीचे दोन फटके मारू, रेस जिंकू, दंड मालकाच्या खुशीतून निघून जाईल. घोडाच बाद होणार म्हटल्यावर मालक आणि ट्रेनर स्वतःच जॉकीचा हात धरतात. यात पंटरसाठी, म्हणजे पैज लावणाऱ्यासाठी, एक मेख आहे. ब्रिटनमध्ये चाबकावरून घोडा बाद होतो तो काही दिवसांनी, समितीने तपासल्यावर. पैजांचे पैसे रेसच्या दिवशी लागलेल्या निकालावर आधीच चुकते झालेले असतात, ते बदलत नाहीत. म्हणजे नियम मोडून जिंकलेल्या घोड्यावर लावणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

आणि इथेच आपण पंटर लोक या प्रकरणात येतो. चाबूक टिकून आहे त्यात 'माझ्या पैशासाठी जॉकीने जीव तोडला पाहिजे, आणि तो तोडताना मला दिसला पाहिजे' या आपल्या मागणीचा वाटा मोठा आहे. तुमच्या मित्रांची तक्रारही तीच, नाही का? आपल्याच राज्यात बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या शर्यतीच्या नियमांत बैलाला काठी, चाबूक लावायला मनाई आहे. गावोगावी ते किती पाळतात हा वेगळा वाद. पण कागदावर तरी मावळातला बैल महालक्ष्मीच्या थरोब्रेडपेक्षा (रेसच्या जातिवंत घोड्यापेक्षा) सुखी आहे, आणि चाबूक नाही म्हणून बैलगाड्याच्या घाटातली, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरची, गर्दी काही कमी झालेली नाही.

राहिला बुकी. त्याचा भाव चांगला दिसतो याचं कारण एकच, तो कर भरत नाही. रेसकोर्सवरच्या पैजेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता, आणि तो क्लबच्या कमिशनवर नव्हे तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. जिंकलात तर त्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के आयकर, हरलेल्या डावांची वजावट नाही. टोटमध्ये, म्हणजे क्लबच्या सामायिक पैजेत, तर सगळ्यांचे पैसे एका कुंडीत जाऊन क्लबचा वाटा काढल्यावर उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. इतकं कापून घेतल्यावर नियमाने लावणारा सामान्य पंटर वर्षाअखेर फायद्यात राहणं जवळपास अशक्य आहे. मी लावतो ते सिनेमाच्या तिकिटाइतकं, आणि ते गेलेलेच धरतो.

पण म्हणून बुकीकडे जाऊ नका. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, हा दाखला बुकीची माणसं हमखास देतात. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातली सूट मात्र परवान्याच्या चौकटीतल्या पैजेला आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा घेणाऱ्याला नाही. क्लबच्या रेसवर शंका आली तर निदान स्टुअर्डची चौकशी तरी होते. हा बुकी मोठी रक्कम लागल्यावर फोन उचलेनासा झाला, तर तुम्ही पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीत काय लिहिणार आहात?