अपोलोजेटिक्स: यात माफी कोण मागतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा जणींचा एक वाचनगट दर शुक्रवारी रात्री झूमवर जमतो. कुणी वसईची, कुणी नगरची, एक मस्कतहून येते. सध्या ख्रिस्ती ‘अपोलोजेटिक्स’ची, म्हणजे श्रद्धेवरच्या आक्षेपांना उत्तरं देणारी, पुस्तकं चालू आहेत. पुढच्या बैठकीचा निरोप मराठीत पाठवायचा म्हणून एकीने फोनवरच भाषांतर करून घेतलं, तर ‘ख्रिस्ती क्षमाशास्त्र’ असं आलं. त्यावर दुसरीने विचारलं, “आपण नेमकी कोणाची माफी मागतोय?” मग हसू झालं आणि शब्द राहिला तो राहिलाच. ‘समर्थनशास्त्र’ चालेल का, की याहून बरा काही शब्द आहे?

ताई, क्षमाशास्त्र आधी खोडून टाका. फोनने इंग्रजी ‘अपॉलॉजी’ पाहिली आणि तो तडक माफीवर गेला. पण मूळ ग्रीक शब्दात माफी औषधालाही नाही. अथेन्सच्या न्यायालयात फिर्यादी जे भाषण करी ते ‘कातेगोरिया’, म्हणजे आरोप. आरोपी त्याला उत्तर देई ते ‘अपोलोगिया’. (आपण रोज ‘कॅटेगरी’ म्हणतो ती या कातेगोरियाचीच लेक. अर्ज भरताना आठवलं तर मजा वाटते.) इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. त्याचं उत्तराचं भाषण प्लेटोने लिहून ठेवलं, तेही याच नावाने ओळखलं जातं. त्यात सॉक्रेटिस कसली माफी मागतोय! दोषी ठरल्यावर, तुला काय शिक्षा द्यावी असं विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की माझ्या कामाचं खरं फळ म्हणजे शहराने मला सरकारी खर्चाने जेवायला घालावं.

ख्रिस्ती लोकांनी हा शब्द उचलला तोही आरोपीच्या पिंजऱ्यातूनच. बायबलच्या नव्या करारात ‘अपोलोगिया’ हे नाम आठ वेळा येतं आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी प्रेषित पौलाची चौकशी किंवा कैद चालू आहे. पुढे दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात या मंडळींवर आळ आले: हे देव मानत नाहीत म्हणजे नास्तिक आहेत, हे गुपचूप जमून माणसाचं मांस खातात. भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीबद्दल अर्धवट ऐकून उठलेली ती आवई होती. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून लेखी उत्तर दिलं. १९७ मध्ये कार्थेजच्या टर्टुलियनने लॅटिनमध्ये दिलं, ते तर वकिली थाटाचंच आहे. म्हणजे आधी आळ, मग उत्तर. हा क्रम लक्षात ठेवा, शब्द निवडताना तोच कामाला येणार आहे.

इंग्रजीत ‘अपॉलॉजी’ सोळाव्या शतकात आली तेव्हा तिचा अर्थ बचाव, बाजू मांडणं असाच होता. बाजू मांडता मांडता सबब आली, सबबीतून दिलगिरी आली, आणि आज नुसती ‘सॉरी’ उरली. ‘अपोलोजेटिक्स’ मात्र चर्चच्या भिंतीआड राहिल्यामुळे जुन्या अर्थासकट टिकलं.

आता मराठीकडे येऊ. मला विचाराल तर या ग्रीक शब्दाचा सख्खा मराठी भाऊ म्हणजे ‘कैफियत’. दिवाणी दाव्यात वादी दावा दाखल करतो आणि प्रतिवादी उत्तरादाखल आपलं लेखी म्हणणं देतो, त्याला आपल्या कोर्टात आजही कैफियत म्हणतात. शब्द अरबी. ‘कैफ’ म्हणजे ‘कसं’, म्हणून कैफियत म्हणजे कसं काय घडलं ते. आळ आल्यावर दिलेलं उत्तर, तेही रीतसर, मुद्देसूद. इतकं चपखल दुसरं काही सापडत नाही. पण गंमत पाहा, या शब्दाचंही अपॉलॉजीसारखंच झालं. कोर्टाच्या बाहेर ‘त्याने माझ्यापुढे आपली कैफियत मांडली’ म्हटलं की आपल्याला रडगाणं ऐकू येतं. तुमच्या गटाच्या निरोपात ‘ख्रिस्ती कैफियत’ लिहिलंत, तर वाचणारीला वाटेल की चर्चच्या कुंपणाच्या वादावर बैठक बोलावली आहे. म्हणून मन मारून तो बाजूला ठेवतो.

समर्थन. संस्कृतात हा भारदस्त शब्द आहे, आपलं म्हणणं कारणं देऊन सिद्ध करणं हा त्याचा अर्थ. आणि ‘समर्थनशास्त्र’ कुणी वापरलं तर मी चूक म्हणणार नाही. माझं दुखणं वेगळं आहे. मराठीत आपण हा शब्द कशाबरोबर वापरतो ते कान देऊन ऐका: लंगडं समर्थन, आंधळं समर्थन, निर्लज्ज समर्थन. जे टिकण्यासारखं नाही त्याला टेकू देणं अशी छटा त्याला चिकटली आहे. ‘समर्थक’ म्हटलं की तर डोळ्यांपुढे पुढाऱ्याच्या गाडीमागून धावणारी पोरं येतात. शिवाय समर्थन करायला समोर कोणी प्रश्न विचारणारा लागतच नाही, घरबसल्या करता येतं. आपल्या शब्दात विचारणारा हवाच.

‘शास्त्र’ शेपटाबद्दलही एक शब्द. इंग्रजी शब्दाच्या अखेरीस ‘इक्स’ दिसलं की आपला हात आपोआप शास्त्राकडे जातो. सगळीकडे ते लागत नाही. पॉलिटिक्सला आपण राजकारण म्हणतोच की.

उरतं ‘मंडन’. खंडन-मंडन या जोडीत आपण खंडनाला फार जपलं, रोजच्या पेपरात कुणी ना कुणी वृत्ताचं खंडन करत असतो, आणि मंडन बिचारं जोडीपुरतं उरलं. पण हवा तो अर्थ त्यात आहे: समोरच्याने पूर्वपक्ष केला, म्हणजे आक्षेप घेतला, आता मी माझा पक्ष सप्रमाण उभा करतो. दुसऱ्याच्या धर्मावर किंवा मतावर चाल करून जाणं हे खंडन. ते वेगळं काम, आणि इंग्रजीतही त्याला वेगळा शब्द आहे. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, तर याहून बारीक चाळणी केली आहे. सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःचा काहीच पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा मोडायचा ती वितंडा. शुक्रवारी रात्री कोण कोणत्या खोलीत आहे ते तुम्हीच ठरवा.

मंडन तुमच्या गटाला शोभेल याचं आणखी एक कारण आहे. मंडनमिश्र आणि शंकराचार्य यांच्या वादाची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. त्यात निवाडा करायला बसली होती मंडनमिश्रांची बायको, उभयभारती. दोघांच्या गळ्यात हार घातले, ज्याचा आधी कोमेजेल तो हरला. नवऱ्याचा कोमेजला, तिने तसं सांगितलं, आणि वर म्हणाली की अर्धांगीला हरवल्याशिवाय विजय पुरा होत नाही, आता माझ्याशी वाद करा. झूमवर हार कोमेजत नाहीत, एवढीच अडचण. (संस्कृतात मंडनचा दुसरा अर्थ दागिना, हेही जाता जाता.)

आणि हा शब्द ख्रिस्ती विषयाला उपरा वाटेल अशी शंका असेल तर एकोणिसावं शतक पाहा. मुंबईत १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू घेणारे मोरभट दांडेकर यांचा वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले. दोन्ही बाजू आलटून पालटून खंडन आणि मंडन करत होत्या. सगळ्यात विलक्षण उदाहरण काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचं, घराणं चित्पावन. १८४४-४५ मध्ये त्यांनी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून ख्रिस्ती मताचं खंडन केलं. १८४८ मध्ये त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांचं खंडन केलं. तोच माणूस, तीच तर्काची हत्यारं, फक्त बैठक उलट.

या गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचा पंडिता रमाबाईंवर परिणाम झाला. पण रमाबाई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तिथल्या सिस्टरांना त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) सिद्धांतावरून पत्रांतून भंडावून सोडलं. माझ्या मते तुमच्या गटाची खरी पूर्वज ही बाई. मराठी बाई धर्माबद्दल लेखी प्रश्न विचारते आहे आणि उत्तर पटेपर्यंत सोडत नाही.

तेव्हा माझा कौल: विषयाचं नाव म्हणून ‘ख्रिस्ती धर्ममंडन’. ते करणाऱ्याला किंवा करणारीला ‘मंडनकार’ म्हणा. ‘कैवारी’ सुचला होता, पण कैवार दुबळ्याचा घेतात, आणि श्रद्धेला दुबळं ठरवण्याचा ठेका मी कशाला घेऊ? ‘धर्म’ शब्द फार पसरट वाटला, तर ‘श्रद्धामंडन’ आणि ‘विश्वासमंडन’ हे दोन पर्याय आहेत, पण इथे जपून. तुमच्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणी ‘श्रद्धा’ म्हणतील आणि नगरच्या प्रोटेस्टंट ‘विश्वास’. त्यावरून एक शुक्रवार जाईल. ‘धर्म’ ठेवलात तर भांडण टळतं.

हे नाव झालं विषयाचं. निरोपात मात्र मी तेही घालणार नाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं (ते त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पूर्ण निघालं), तेव्हा संस्कृतचा डोंगर पाठीशी असलेली ही विदुषी मुद्दाम साध्या बायकांना कळेल असं मराठी लिहीत होती. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत, जिथे हा ग्रीक शब्द येतो, तिथे मराठी बायबल सरळ ‘उत्तर’ म्हणतं: तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यपणे द्या. तेवढ्यावर भागतं. निरोप असा पाठवा:

“शुक्रवारी रात्री नऊ वाजता. विषय: ख्रिस्ती श्रद्धेवरचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पुस्तकाचं तिसरं प्रकरण वाचून या.”

‘श्रद्धा’ की ‘विश्वास’, ते निरोप लिहिणारी कुठली आहे त्यावर सोडा. ‘बुक क्लब’ला काय म्हणायचं असंही तुम्ही तळटीपेत विचारलं आहे. वाचनगट बरा आहे. पण दर आठवड्याला एकीच्या नावाची चिठ्ठी निघून ती पुस्तक निवडते असं तुम्ही लिहिलंत, मग सरळ ‘पुस्तकभिशी’ का म्हणत नाही?