गरोदरपणात हिरड्यांतून रक्त का येतं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. ब्रश करताना रक्त यायचं म्हणून आठवडाभर त्या बाजूला ब्रश लावलाच नाही. आता हिरडी सुजून लाल झाली आहे. दात साफ करून घेण्यासाठी बाळंतपणापर्यंत थांबू का?

उत्तर : थांबू नका, आणि ब्रश तर आजच सुरू करा. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो. दातांच्या मुळाशी साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराने एरवी हिरडी जेमतेम लाल झाली असती, ती आता सुजते आणि जराशा धक्क्याने रक्त येतं. ब्रश बंद केलात तिथे हा थर वाढला, म्हणून रक्तही वाढलं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवा आणि दाब न देता जागच्या जागी बारीक हलवा. सकाळी आणि झोपताना, दोन-दोन मिनिटं. दोन दातांमधल्या फटीत फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा. पहिले काही दिवस रक्त येईलच, त्याला घाबरायचं नाही. एक-दोन आठवड्यांत कमी झालं नाही, तर हिरडीखाली कडक किटण असणार. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडून खरवडून काढावं लागतं, म्हणजे स्केलिंगच लागतं.

त्यासाठी चौथा ते सहावा महिना सगळ्यांत सोयीचा. दाढ ठणकत असेल, पू असेल तर मात्र महिना बघू नये. गरोदर असल्याचं दंतवैद्याला आधी सांगा. भूल देण्याचं नेहमीचं लिग्नोकेन चालतं, गरज असेल तर एक्स-रेही. टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक औषधं नकोत, बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक मनाने घेऊ नका. शेवटच्या महिन्यांत खुर्चीत उताणं पडून घेरी आल्यासारखं वाटलं, तर डाव्या कुशीवर वळा. गर्भाशयाचा मोठ्या शिरेवरचा भार कमी होतो.

प्रश्न : उलटी झाल्यावर दात आंबतात. लगेच ब्रश करावा का?

उत्तर : नाही. पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं आवरण थोडा वेळ मऊ पडतं, तेव्हा घासलं की झिजतं. कपभर पाण्यात छोटा चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरा. ब्रश तासाभराने.

प्रश्न : बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं म्हणतात, खरं का?

उत्तर : अजिबात नाही. आहारातलं कमी पडलं तर ते हाडांतून घेतलं जातं. दात किडतात ते सारखं थोडं थोडं गोड खाण्याने आणि मळमळीपायी ब्रश टाळल्याने. पेस्टच्या वासाने उमासे येत असतील, तर सौम्य चवीची फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि लहान डोक्याचा ब्रश घ्या.