महसिरासाठी दोरी जाडच घ्या

कावेरीत महसीर हा मोठा मासा पकडण्यासाठी आमिष कोणते घ्यावे आणि गळाची दोरी किती जाड असावी, असे आपण विचारले आहे. आमिषाचे उत्तर सोपे आहे: नाचणीचे पीठ घट्ट मळून उकडलेला गोळा, जो फेकताना गळावरून सुटणार नाही आणि बारीक मासे टोचून संपवणार नाहीत इतका चिवट हवा. खेकडाही चालतो, कारण महसिराच्या जबड्यात दात नसले तरी घशातल्या दातांनी तो कवचाचा भुगा करतो.

दोरीचा प्रश्न मात्र आमच्या घरात बारा वर्षे धुमसतो आहे. आमच्या मेहुण्यांच्या मते बारीक दोरीवर मासा खेळवण्यातच खरे कसब असते. कोडगूत एका संध्याकाळी त्यांना मोठा महसीर लागला, तो प्रवाहाबरोबर खाली सुटला आणि रिळाची कर्रर्र थांबेना. दोरी तुटेल या धास्तीने त्यांना जोर लावता येईना, म्हणून तो किनाऱ्याला यायला पाऊण तास लागला. मग त्यांनी कल्ल्यात बोटे घालून त्याला उचलले आणि मी फोटो काढला. त्यात त्यांचे डोळे मिटले होते, म्हणून दुसरा काढायला लावला. मासा सोडल्यावर अर्ध्या तासाने तो शंभर पावलांवर एका खडकाच्या आडोशाला पांढरे पोट वर करून तरंगताना मला दिसला. त्याला हलवले तेव्हा अंगठ्याला चिकटून आलेला खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा होता. 'आपण सोडला होता ना, मग पाणीच खराब असणार,' असे मेहुणे अजूनही म्हणतात.

पाणी खराब नव्हते. इतका वेळ झुंजलेला मासा थकव्याने अर्धा मेलेलाच असतो आणि त्यात त्याला पाण्याबाहेर धरले की उरलेले कामही होते. म्हणून दोरी जाड घ्या, झुंज लवकर आटपा, टोकाला उलटा काटा नसलेला गळ वापरा, माशाला पाण्यातच ठेवून गळ काढा आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. ज्याला हे कंटाळवाणे वाटते त्याने महसिराच्या वाटेला जाऊ नये.

परवान्याची चौकशी आधी करा. अभयारण्यातल्या पात्रात गळ टाकूच नका. शिवाय कावेरीत दोन जातींचे महसीर आहेत. निळसर परांचा, ज्याचे वर्णन इंग्रज निसर्गअभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले, तो कावेरीत बाहेरून आणून सोडलेला आहे. पाठीला कुबड असलेला नारिंगी परांचा मूळ तिथला, आणि २०१८ पासून तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मेहुण्यांच्या दिवाणखान्यातल्या त्या फोटोत माशाचे पर नारिंगी दिसतात.