वाचकांचे प्रश्न : विमानतळावरील सुरक्षा तपासणी

प्रश्न : माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आहे. मागच्या प्रवासात यंत्र वाजल्यावर डॉक्टरांचे पत्र दाखवूनही तिला बाजूला घेऊन बराच वेळ तपासले. आता ती पुण्याहून एकटी बंगळुरूला जाणार आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावेच, मात्र त्याने तपासणी माफ होत नाही; यंत्र का वाजले, एवढाच खुलासा त्यातून होतो. कृत्रिम सांध्यात धातू असतो आणि तो शरीरातला आहे की कपड्याखाली दडवलेला, हे धातुशोधक चौकटीला सांगता येत नाही, त्यामुळे हातातले यंत्र फिरवून आणि हाताने चाचपून खात्री करून घेणे जवानांना भागच असते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले, त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. तपासणीचे नियम मात्र हे दल करत नाही, ते नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो. म्हणून रांगेत उभ्या जवानाकडे सवलत मागून काही साधत नाही.

सन्मानाने तपासणी व्हावी, ही मागणी मात्र आईंनी अवश्य करावी. महिलांची तपासणी महिला कर्मचारीच, पडदा लावलेल्या आडोशात करतात. तिथे साडी वर घ्यावी लागेल असे दिसले, तर स्वतंत्र बंद खोलीत तपासावे, असे त्यांनी स्पष्ट सांगावे. अभिनेत्री व नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, विमानतळावर आपल्याला दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी व्यथा जाहीरपणे मांडली, तेव्हा या दलाने त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली होती. शस्त्रक्रिया झालेल्या वयस्कर बाईला चार लोकांसमोर आपल्या शरीराचा खुलासा करावा लागणे मला मुळीच योग्य वाटत नाही. शस्त्रक्रियेची गोष्ट चौकटीतून जाण्याआधीच सांगितली, तर पुष्कळसा संकोच टळतो. विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मागणी आधीच नोंदवून ठेवा, म्हणजे तपासणीच्या वेळी मदतनीस सोबत राहील.

प्रश्न : लंडनला मुलाकडे जाताना कैरीचे लोणचे, सुके खोबरे आणि पॉवर बँक न्यायची आहे. कशात ठेवू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नका. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनहून अटलांटिकपार जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवून देण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमध्ये द्रव, जेल आणि लेह्य पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या डब्यांतच नेता येतात, असा नियम सर्वत्र रुळला. औषधे आणि तान्ह्या मुलांचे अन्न यांना त्यातून सूट असते. लोणचे नीट सीलबंद करून चेक-इन सामानात द्यावे.

सुके खोबरे घरीच ठेवलेले बरे. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते आणि म्हणूनच विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. पॉवर बँकेचे याच्या नेमके उलट आहे : लिथियम बॅटरीने पेट घेतला तर तो केबिनमध्ये लगेच लक्षात येतो, बॅगांच्या कप्प्यात येत नाही, म्हणून ती हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॅट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेसाठी सहसा वेगळी परवानगी लागत नाही. बाजारात मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची भरते. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर ती अडवली जाऊ शकते, तेव्हा निघण्यापूर्वी तेवढे पाहून घ्या.